बोवी सुरीचें पुनरुज्जीवन

कांहीं वस्तूंचें नांव ऐकतांच त्यांचा एक ठराविक आकार आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु तो आकार खरा कीं कल्पित, याचा शोध करूं गेल्यास निराळाच प्रकार आढळून येतो. अमेरिकेंतील ‘बोवी सुरी’ ही अशा वस्तूंपैकीं एक होय. जिच्या योगानें या नांवाची कीर्ति झाली ती मूळ सुरी आज कोठें आहे हें कोणासच निश्चित सांगतां येत नाहीं. आणि जो आकार तिचा म्हणून जगभर ओळखला जातो तो बराचसा पुढच्या कारागिरांनीं व चित्रपटांनीं तिला दिलेला आहे. असें असूनहि गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकेंतील कित्येक लोहार त्या काळच्या सुऱ्या ऐरणीवर पुन्हा घडवूं लागले आहेत. जी वस्तु कशी होती हेंच वादग्रस्त, तिचें पुनरुज्जीवन करावयाचें कसें, व त्यांत सचोटी कोठें राखावयाची, याचा थोडासा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जेम्स बोवी हा १७९६ सालीं केंटकी प्रांतांत जन्मला व त्याचें बहुतेक आयुष्य लुइझियाना व टेक्सस या मुलुखांत गेलें. सन १८२७ च्या सप्टेंबरच्या १९ व्या तारखेस नॅचेझ गांवाजवळ, मिसिसिपी नदींतील एका वाळवंटावर, दोन गृहस्थांचें द्वंद्वयुद्ध ठरलें होतें. त्या दोघांनीं एकमेकांवर गोळ्या झाडल्या. कोणासच इजा झाली नाहीं, व हस्तांदोलन करून ते मोकळे झाले. परंतु त्यांच्याबरोबर आलेल्या मंडळींत जुनें वैर होतें, तें तेथेंच भडकलें. या दंगलींत बोवीस गोळ्या लागल्या, गुप्तीचे वार बसले, तरीहि त्यानें आपल्या मोठ्या सुरीनें नॉरिस राइट नांवाच्या प्रतिपक्ष्यास ठार केलें. वर्तमानपत्रांनीं ही हकीकत दूरवर पसरविली. पुढें १८३६ च्या मार्चच्या ६ व्या तारखेस टेक्ससमधील अलामो येथील वेढ्यांत बोवी मारला गेला व त्याची गणना वीरांत होऊं लागली. हाच वीर गुलामांचा व्यापार करी व जमिनींचे बनावट दस्तऐवज करून त्यांवर पैसा मिळवी, हेंहि इतिहासानें नोंदून ठेविलें आहे.

आतां ती सुरी होती तरी कशी? याविषयीं सर्वांत महत्त्वाचा पुरावा म्हणजे जेम्सचा वडील बंधु रेझिन बोवी याचें १८३८ सालीं प्रसिद्ध झालेलें पत्र. त्यांत तो सांगतो कीं, पहिली सुरी आपण स्वतः शिकारीसाठीं करविली. तिचें पातें सव्वानऊ इंच लांब व दीड इंच रुंद असून त्यास धार एकाच बाजूस होती, व तें वांकडें नव्हतें. याच रेझिननें पुढें आपल्या मित्रांस भेट देण्यासाठीं कांहीं उंची सुऱ्या करविल्या. त्यांपैकीं बॅटन रूज येथील डॅनिएल सर्ल्स व फिलाडेल्फिया येथील हेन्री शिव्हली या कारागिरांच्या हातच्या सुऱ्या आजहि उपलब्ध आहेत. सर्ल्सची सुरी सॅन अँटोनिओ येथें अलामोच्या संग्रहांत ठेविलेली आहे. तिचें पातें सरळ असून खाटकाच्या सुरीची आठवण करून देणारें आहे. चित्रांत दिसणारा तो भयंकर बांक तिच्यांत नाहीं.

मग हा बांक आला कोठून? बोवीची कीर्ति वाढतांच ‘बोवीसारखी सुरी’ मागणारे गिऱ्हाईक जागोजाग निर्माण झाले, व प्रत्येक लोहार आपल्या समजुतीप्रमाणें ती मागणी पुरवूं लागला. इंग्लंडांतील शेफील्ड शहरच्या व्यापाऱ्यांनीं ही संधि तेव्हांच ओळखली. १८३० नंतर थोडक्याच वर्षांत तेथील कारखान्यांतून अशा सुऱ्या जहाजांनीं अमेरिकेस जाऊं लागल्या. जॉर्ज वोस्टनहोम याची पेढी त्यांत विशेष प्रसिद्धीस आली. पात्यावर तेजाबानें कोरलेलीं ब्रीदवाक्यें, जर्मन सिल्व्हरच्या नक्षीदार मुठी, आणि टोंकाजवळ पाठीचा भाग आंत कापून घेतल्यासारखा बांक, हीं त्या मालाचीं लक्षणें होत. सारांश, बोवी सुरी हा एकच नमुना नसून एका काळच्या नाना तऱ्हेच्या सुऱ्यांचें तें सामान्य नांव आहे.

या सुरीनें समाजास मोठा उपद्रवहि दिला. १८३७ च्या डिसेंबरांत आर्कान्सॉच्या विधिमंडळांत, सभा चालू असतांनाच, खुद्द अध्यक्षानें एका सभासदास अशा सुरीनें भोसकून मारलें. त्याच वर्षीं अलाबामा प्रांतानें या सुरीच्या विक्रीवर १०० डॉलर कर बसविला, आणि १८३८ सालीं टेनेसी प्रांतानें तिची विक्रीच बंद केली. पुढें सहाबारी पिस्तुलें सर्वत्र मिळूं लागलीं, तेव्हां कमरेस सुरी बाळगण्याची गरज उरली नाहीं व हा धंदा मागें पडला. विसाव्या शतकांत ही सुरी लोकांस भेटली ती मुख्यतः चित्रपटांत. १९५२ सालीं निघालेल्या ‘द आयर्न मिस्ट्रेस’ या चित्रपटासाठीं जी भव्य सुरी करण्यांत आली, तीच खरी बोवी सुरी अशी पुष्कळांची समजूत होऊन बसली.

अशा वेळीं विल्यम मोरान या लोहारानें लोकांचें लक्ष पुन्हा ऐरणीकडे वेधलें. त्या काळीं बहुतेक सुऱ्या तयार पोलादी पट्टी घांसून व कापून केल्या जात. पोलाद तापवून, घणाखालीं ठोकून पातें घडविणारे थोडेच उरले होते. १९७३ सालीं मोराननें भिन्न जातींच्या पोलादांचे थर एकत्र सांधून, घडीवर घडी घालून, पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटलेलीं पातीं प्रदर्शनांत मांडलीं, आणि ती विद्या सर्वांस उघड करून दिली. १९७६ सालीं त्यानें कांहीं सहकाऱ्यांसह ‘अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी’ ही संस्था स्थापिली, व १९८८ सालीं आर्कान्सॉमधील वॉशिंग्टन या लहानशा गांवीं तिची शाळा सुरू झाली. मोरान २००६ सालीं वारला. परंतु त्या शाळेंत शिकून गेलेले विद्यार्थी देशोदेशीं आपापल्या भट्ट्या चालवीत आहेत.

तें गांव निवडण्यास कारणहि तसेंच होतें. तेथें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जेम्स ब्लॅक नांवाचा लोहार राहत असे. बोवीची सुरी यानेंच घडविली अशी त्या भागांतील दंतकथा आहे. पोलादास पाणी देण्याची त्याची कृति गुप्त होती म्हणतात. पुढें त्याची दृष्टि गेली. उतारवयांत, ज्या कुटुंबानें त्यास आश्रय दिला होता त्यांतील डॅनिएल वेब्स्टर जोन्स या तरुणास तें गुपित सांगून जावें असें त्याच्या मनानें घेतलें. पण सांगावयास बसला तों त्यास कांहींच आठवेना! पुढें आर्कान्सॉचा गव्हर्नर झालेल्या त्या जोन्सनेंच ही हकीकत लिहून ठेविली आहे. ब्लॅक १८७२ सालीं वारला. आडवी पट्टी नसलेल्या, शवपेटिकेच्या आकाराची मूठ व तीवर चांदीच्या बारीक खिळ्या असलेल्या कांहीं सुंदर सुऱ्या त्याच्या म्हणून दाखविल्या जातात. त्यांपैकीं एक लिटल रॉक येथील संग्रहालयांत आहे. तथापि तिच्यावर कर्त्याचा शिक्का नाहीं. गुप्त ठेविलेली विद्या एका म्हाताऱ्याच्या विस्मृतीबरोबर नष्ट झाली, व त्याच गांवीं ती आज सर्वांस उघडपणें शिकविली जाते, यांतील बोध आमच्या वाचकांस वेगळा सांगावयास नको.

जुनी सुरी पुन्हा घडविणें म्हणजे छायाचित्रावरून आकार गिरविणें नव्हे. छायाचित्रांत लांबीरुंदी दिसते, जाडी दिसत नाहीं. चांगल्या जुन्या पात्याची पाठ मुठीपाशीं जाड असते व टोंकाकडे हळूहळू पातळ होत जाते. त्यामुळें सुरी लांब असूनहि हातास जड वाटत नाहीं. हें न जाणतां केलेली नक्कल दिसावयास हुबेहूब, पण हातांत घेतांच पहारेसारखी लागते. म्हणून आजचा जाणता कारागीर संग्रहालयांत जाऊन मूळ सुरीचें वजन, जागोजागची जाडी व तोल यांचीं मापें घेतो. आडवी पट्टी नसलेली मूठ हातांतून कां निसटत नाहीं, अशा प्रश्नांचीं उत्तरें त्यास ती मूठ स्वतः करून पाहिल्यावांचून मिळत नाहींत.

पोलादाची गोष्टहि तशीच. पातें लाल होईपर्यंत तापविलें म्हणजे सुमारें ७७० अंश सेंटिग्रेडवर त्यास लोहचुंबक चिकटेनासें होतें; या खुणेवरून लोहार भट्टीची आंच ओळखतो, आणखी थोडें तापवितो, व पातें तेलांत बुडवितो. याच क्रियेस आपले लोहार ‘पाणी देणें’ म्हणतात. अशा रीतीनें पोलाद कठीण होतें, पण कांचेसारखें ठिसूळहि होतें. म्हणून तें पुन्हा सुमारें २०० अंशांवर मंद तापवून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो. धार कठीण पण पाठ मऊ व चिवट राहील, ही यांतील खरी करामत होय.

ती साधली कीं नाहीं याची सोसायटीची परीक्षा मोठी कडक आहे. उमेदवारानें स्वतः घडविलेल्या, दहा इंचांहून अधिक लांब नसलेल्या पात्यानें लोंबता एक इंच जाडीचा दोर एका घावांत तोडावा लागतो. मग चार इंच रुंद व दोन इंच जाड म्हणून विकली जाणारी लांकडी फळी दोन वेळां तोडावी लागते. त्यानंतरहि त्याच धारेनें हातावरचे केंस साफ निघाले पाहिजेत. आणि शेवटीं तें पातें शेगड्यांत धरून काटकोनांत वांकविलें असतां त्याचे दोन तुकडे होतां कामा नयेत. पुढची ‘मास्टर’ ही पदवी मिळविण्यासाठीं निदान ३०० थरांच्या पोलादाचें पातें करावें लागतें. येथें वक्तृत्व किंवा शिफारस यांचा कांहीं उपयोग नाहीं; दोर तुटला तर तुटला.

या थरांच्या पोलादास ‘डमॅस्कस’ म्हणतात. हेंच नांव पूर्वीं दक्षिण हिंदुस्थानांत मुशींत वितळवून केलेल्या, परदेशांत ‘वूट्झ’ म्हणून गाजलेल्या पोलादाच्या पात्यांसहि देत. परंतु त्यांतील लहरी थर सांधून नव्हे, तर पोलाद थिजतांना व घडवितांना आपोआप उमटत. त्या लहरींस व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अत्यल्प अंश कारणीभूत असतो, हें पेंड्रे नांवाच्या अमेरिकन लोहारानें व व्हरहोव्हेन या धातुशास्त्रज्ञानें प्रयोगांनीं दाखवून १९९८ सालीं प्रसिद्ध केलें. लोहार व पंडित एका भट्टीपाशीं बसले म्हणजे काय साधतें, याचें हें उत्तम उदाहरण आहे.

या उद्योगाची एक काळी बाजूहि सांगितली पाहिजे. जुन्या बोवी सुरीस संग्राहक मोठी किंमत देतात. त्यामुळें नवीं पातीं तेजाबानें गंजवून, जुने शिक्के ठोकून तीं जुनीं म्हणून विकणारे लबाड लोकहि निपजले आहेत. कसबाच्या दृष्टीनें पाहतां पुनरुज्जीवक व बनावटखोर यांच्या हातांत फारसा फरक नसेल. फरक आहे तो शिक्क्यांत. सोसायटीचे लोहार पात्यावर स्वतःचें नांव व आपल्या पदवीचीं अक्षरें उमटवितात. पाहणाऱ्यास त्यावरून कळतें कीं, आकार जुन्याचा आहे, हात आजचा आहे. बनावट सुरी केवळ एका गिऱ्हाइकास फसवीत नाहीं. ती संग्रहांत शिरली म्हणजे तिच्यावरून पुढचे अभ्यासक मापें घेतात, व आधींच दंतकथांनीं गढूळ झालेला इतिहास अधिकच गढूळ होतो.

ज्या सुरीसाठीं एके काळीं कायदे करावे लागले, ती आज बहुधा कांचेच्या कपाटांत किंवा परीक्षेच्या दोरापाशीं दिसते. तिच्यांतील मारक शक्तीचें कौतुक करण्याचें आम्हांस कारण वाटत नाहीं. परंतु दंतकथा बाजूस सारून मूळ वस्तूचें माप घेणें, तिचा अर्थ स्वतःच्या हातांनीं समजून घेणें, समजलेलें दुसऱ्यास मोकळेपणानें शिकविणें, आणि आपल्या कामावर आपलेंच नांव घालणें, ही जी रीत या लोहारांनीं घालून दिली आहे, ती कोणत्याहि जुन्या विद्येच्या जीर्णोद्धारास लागू पडण्यासारखी आहे, इतकें सांगून आम्ही वाचकांची रजा घेतों.