पर्जन्यमान, कोरडा काळ आणि अरण्य : मुंबई उपनगरांतील एक उदाहरण

पृथ्वीच्या पाठीवर अरण्ये, गवताळ प्रदेश, वाळवंटे व ध्रुवाकडील वृक्षहीन मैदाने यांची जी विभागणी आढळते, तिचे मुख्य कारण हवामान होय. सारख्या हवामानात नांदणाऱ्या वनस्पती व प्राणी यांच्या अशा विशाल समूहास ‘जीवसंहती’ किंवा ‘बायोम’ असे म्हणतात. पाऊस विपुल तेथे सदाहरित अरण्य, मध्यम तेथे पानझडी अरण्य, अल्प तेथे गवत आणि अत्यल्प तेथे वाळवंट, असे याविषयीचे सूत्र सामान्यतः सांगितले जाते. स्थूलमानाने ते खरे आहे. तथापि मुंबईच्या उपनगरांस ते लावू गेल्यास अपुरे पडते.

सांताक्रूझ येथील वेधशाळेत वर्षाकाठी सरासरी सुमारे २,४०० मिलिमीटर पावसाची नोंद होते. विषुववृत्तालगतच्या सिंगापुरातील वार्षिक पाऊस याहून अधिक नाही, आणि उष्णता दोन्ही ठिकाणी बाराही महिने भरपूर असते. असे असता सिंगापुरातील बुकित तिमा टेकडीवर सदाहरित वर्षावन आहे. उलट बोरिवली व मुलुंड यांच्या दरम्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मुख्यतः आर्द्र पानझडी अरण्य आढळते. पाऊस जवळजवळ सारखाच असूनही अरण्ये भिन्न का, हा येथील खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर पावसाच्या वाटणीत सापडते. सिंगापुरात फेब्रुवारीसारख्या सर्वांत कोरड्या महिन्यातही सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो. उपनगरांत वर्षाच्या पावसापैकी नऊदशांशाहून अधिक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो; जानेवारी ते एप्रिल हे महिने जवळजवळ निरभ्र जातात. श्रावणात पडलेले पाणी झाडाला चैत्रापर्यंत साठवून ठेवता येत नाही. त्यातील बराच भाग उतारांवरून ओढ्यांत आणि ओढ्यांतून समुद्रास जातो.

पाने हे वृक्षाचे अन्न तयार करण्याचे साधन आहे, पण त्यांच्यावाटेच त्याचे पाणीही हवेत निघून जाते. मुळांना ओल मिळेनाशी झाली की हा व्यय परवडत नाही. म्हणून साग, पळस, पांगारा व काटेसावर हे वृक्ष पाने टाकून देतात. पळस, पांगारा व काटेसावर तर निष्पर्ण फांद्यांवरच फुलतात. याच अरण्यात ओढ्यांच्या काठी, जेथे जमिनीत ओल टिकते, तेथे जांभूळ व करंज ऐन उन्हाळ्यातही हिरवे दिसतात. आकाश एकच असता पाण्याच्या आधाराने झाडांची वागणूक बदलते, याचा हा जवळचाच पुरावा होय.

येथे ‘पानगळ’ या शब्दाविषयी थोडी सावधगिरी हवी. युरोपातील ओक व बीच यांची पानगळ थंडीशी व लहान होत जाणाऱ्या दिवसांशी निगडित आहे. बोरिवलीची पानगळ कोरडेपणाशी. आपल्या परंपरेत पानगळ शिशिराशी जोडलेली असल्याने दोन्हींचे कारण थंडीच असावे, असा समज सहज होतो. शब्द एक असला तरी त्याखाली दोन वेगळी कारणे व दोन वेगळ्या जीवसंहती येतात.

हवामानाचे वर्गीकरण करणारे व्लादिमिर क्योपेन (१८४६–१९४०) यांनी कोरड्या महिन्यास असेच महत्त्व दिले. त्यांच्या पद्धतीत, उष्ण प्रदेशातील सर्वांत कोरड्या महिन्यातही ६० मिलिमीटर पाऊस असेल तरच ते वर्षावनाचे हवामान ठरते. ते नसल्यास वार्षिक पावसास २५ ने भागून तो भागाकार १०० मधून वजा करावा. कोरड्या महिन्याचा पाऊस निदान तेवढा असेल तर हवामान मान्सूनी, कमी असेल तर सॅव्हानाचे. २,४०० मिलिमीटरांस हे गणित ४ मिलिमीटर मागते आणि उपनगरांतील कोरड्या महिन्यात तेवढेही मिळत नाही. सरासरी २,५०० वर गेली की ही अट शून्यावर येते. म्हणजे उपनगरे दोन वर्गांच्या सीमेवरच आहेत.

हवामानाची सत्ता मात्र सर्वंकष नाही. मुलुंड, भांडुप व घाटकोपर यांच्या पूर्वेस ठाण्याच्या खाडीकाठी तोच पाऊस पडतो, पण तेथे तिवरांची सदाहरित वने आहेत. भरती-ओहोटी, खारट चिखल आणि प्राणवायूचा अभाव यांनी तेथील निवड केली आहे. तिवर पानांवाटे मीठ बाहेर टाकतो व चिखलावर उभ्या राहणाऱ्या मुळ्यांनी श्वास घेतो. तरीही बाह्य मर्यादा हवामानच आखते : कडक हिमतुषार पडणाऱ्या प्रदेशात खारफुटी टिकत नाही.

या विवेचनाचा व्यवहाराशी निकट संबंध आहे. एप्रिलमध्ये तपकिरी दिसणारे अरण्य ‘वाळलेले’, खाडीकाठचे खाजण ‘पडीक’ आणि गवताचा माळ ‘ओसाड’ असे म्हणण्याची सवय जडली, की त्या भूमीचा नाश हानी वाटेनासा होतो. खारफुटीच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयास २००५ साली तोडीस मनाई करावी लागली व २०१८ च्या निकालात ते संरक्षण कायम झाले. पानझडी अरण्यास व माळास निदान योग्य नावाने ओळखणे, ही त्यांच्या रक्षणाची पहिली पायरी होय.

बदलत्या हवामानाचा विचारही याच दृष्टीने केला पाहिजे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. सोलापुरास वर्षभरातही सरासरीने एवढा पाऊस होत नाही. अशा वृष्टीने वार्षिक आकडा फुगतो, पण मे महिन्यातील वृक्षाच्या मुळाशी त्यातले फारसे काही उरत नाही. उद्या एकूण पाऊस वाढला आणि कोरडा काळही लांबला, तर आकडेवारीत प्रदेश अधिक ओला दिसेल आणि अरण्य मात्र अधिक तहानलेले असेल. म्हणून एखाद्या भूमीवर काय उगवेल, किंवा तेथे कोणते झाड लावावे, हे ठरविताना पाऊस किती पडतो याबरोबरच तो किती महिने पडत नाही, हेही विचारले पाहिजे.