लोड बॅलन्सरला खरं कोण सांगतं?

मागच्या भागात आपण ॲप्लिकेशन कंटेनरमध्ये बसवलं आणि कुबरनेटीसवर चालवलं. आज बघू, माणसं त्याच्यापर्यंत पोचतात कशी. उदाहरण म्हणून एका निकालाच्या साइटची कल्पना करा. दुपारी एकला निकाल लागणार आहे आणि मुलं पावणेएकपासूनच पान रिफ्रेश करतायत. साइटची यंत्रं चेन्नईतल्या डेटा सेंटरमध्ये आहेत. शहर मुद्दाम निवडलंय, त्याचं कारण पुढे येईल.

आधी रस्ता समजून घ्या. मुलीच्या फोनवरून निघालेली विनंती आधी क्लाउडच्या लोड बॅलन्सरवर येते. तिथून ती इनग्रेसकडे जाते. कोणत्या पत्त्याची विनंती कोणत्या सेवेकडे पाठवायची, हे इनग्रेसमधले नियम ठरवतात. पुढे असते सर्व्हिस आणि सर्वात शेवटी पॉड, म्हणजे आपला चालू कंटेनर.

सर्व्हिस कशाला हवी? पॉड कायमचा नसतो. तो बंद पडला की त्याच्या जागी दुसरा येतो आणि त्याचा आयपी पत्ता वेगळा असतो. सर्व्हिसचा पत्ता मात्र बदलत नाही. ठरावीक लेबल लावलेले आणि 'तयार' असलेले पॉड कोणते, याची यादी कुबरनेटीस तिच्यासाठी सतत ताजी ठेवतं. नवीन जोडणी आली की यादीतल्या एका पॉडकडे ती जाते. नेहमीच्या आयपीटेबल्स पद्धतीत ही निवड चिठ्ठी काढल्यासारखी होते. कोणता पॉड दमलाय, कोणता मोकळा आहे, हे तिथे कुणी बघत नाही.

म्हणजे सगळा भरवसा त्या यादीवर आहे. यादी खोटी असेल, तर वाटप कितीही चोख असलं तरी विनंत्या चुकीच्या दारात जाणार.

पॉड तयार आहे हे कोण सांगतं? रेडिनेस प्रोब. तो दर काही सेकंदांनी पॉडला विचारतो, 'घेतोस का काम?' तुम्ही हा प्रोब लिहिलाच नाही, तर कंटेनर सुरू झाला की कुबरनेटीस त्याला तयार धरतं. आतला प्रोग्रॅम अजून निकालाची फाइल वाचत असेल, तरीही! मग पहिल्या काही मुलांना निकालाऐवजी एरर दिसते.

प्रोब लिहिला, पण आकडे तसेच ठेवले, तर? मूळ सेटिंगमध्ये दर १० सेकंदांनी तपासणी होते आणि लागोपाठ ३ वेळा नापास झाल्यावर पॉड यादीतून निघतो. हिशोब करा. चार पॉड आहेत, सेकंदाला ४०० नव्या जोडण्या येतायत आणि एक पॉड मध्येच अडकला. त्याच्या वाट्याला सेकंदाला साधारण १०० जोडण्या जातात. ३० सेकंदांत झाल्या ३,०००. तपासणी ५ सेकंदांवर आणि नापासाची मर्यादा २ वर आणली, तर हाच आकडा १,००० च्या आसपास येतो. फार घट्ट करू नका, नाहीतर क्षणभर मंदावलेला चांगला पॉडही बाहेर फेकला जाईल आणि उरलेल्या तिघांवर भार वाढेल.

इथे एक सापळा आहे. पुष्कळ जण रेडिनेस प्रोबमध्ये डेटाबेसची तपासणी घालतात. डेटाबेस सगळ्या पॉडचा एकच असतो. तो थोडा मंदावला, की सगळे पॉड एकदम 'तयार नाही' म्हणतात, यादी रिकामी होते आणि साइट पूर्ण बंद पडते. लाइव्हनेस प्रोबमध्ये हीच तपासणी घातली, तर सगळे कंटेनर रीस्टार्ट होऊ लागतात. त्यामुळे प्रोबने त्या पॉडपुरतंच विचारावं.

आता उलट बाजू. नवी आवृत्ती टाकताना जुना पॉड बंद होतो. त्याला थांबण्याचा निरोप देणं आणि त्याचं नाव यादीतून काढणं, ही कामं साधारण एकाच वेळी सुरू होतात. यादीतला बदल सगळ्या यंत्रांवर पोचेपर्यंत थोडा वेळ जातो, आणि तेवढ्यात आलेली विनंती बंद दारावर आदळते. उपाय साधा आहे: प्रीस्टॉप हुकमध्ये काही सेकंदांची विश्रांती द्या आणि हातातलं काम संपवूनच प्रोग्रॅम थांबवा. या सगळ्यासाठी मूळ मुदत ३० सेकंदांची असते.

नवी आवृत्ती एकदम सगळ्यांना देऊही नका. गेटवे एपीआयमध्ये दोन आवृत्त्यांना वजन देता येतं, जुनीला ९० आणि नवीला १०. एरर वाढल्या नाहीत तर हळूहळू वजन सरकवा. हे निकालाच्या आदल्या आठवड्यात करायचं काम आहे, निकालाच्या दिवशी नव्हे.

आता चेन्नईकडे येऊ. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ॲझ्युअरची भारतातली केंद्रं सुरू केली: पुण्याचं 'मध्य भारत', चेन्नईचं 'दक्षिण भारत' आणि मुंबईचं 'पश्चिम भारत'. यातली पुणे आणि चेन्नई ही जोडी मानली जाते. त्याच वर्षी १ डिसेंबरला चेन्नईत प्रचंड पाऊस झाला, अड्यार नदीचं पाणी शहरात शिरलं आणि विमानतळ काही दिवस बंद राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाने शहर पुन्हा पाण्यात गेलं. डेटा सेंटरची इमारत कोरडी राहिली तरी वीज, डिझेल, केबल आणि कामावर येणारी माणसं एकाच शहरावर अवलंबून असतात. अशा वेळी कुबरनेटीसने चेन्नईतल्या चेन्नईत कितीही सुंदर वाटप केलं, तरी उपयोग नाही.

म्हणून दुसरा संच पुण्यात ठेवायचा आणि शहरांमधलं वाटप डीएनएसच्या पातळीवर करायचं. दोन्ही शहरांत सरळ रेषेत साधारण ९०० किलोमीटर अंतर आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला जवळपास २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन किमान ९ मिलिसेकंद. निकाल बघणाऱ्याला ते जाणवणारही नाही.

पण तीन गोष्टी तपासा. एक, डीएनएसचं जुनं उत्तर फोनमध्ये काही काळ टिकतं, म्हणून त्याची मुदत आधीच कमी ठेवा. दोन, निकालासारखा फक्त वाचायचा डेटा दोन्हीकडे ठेवणं सोपं आहे, पण फी भरण्यासारख्या नोंदींचं काय, ते आधी ठरवा. तीन, दोन्ही शहरं ७० टक्के भारावर चालत असतील, तर एक गेल्यावर दुसऱ्यावर १४० टक्के येतात. म्हणजे मदतीला ठेवलेलं शहरही कोसळणार. ऐन गर्दीतही प्रत्येक शहर ५० टक्क्यांच्या आत हवं.

या आठवड्याचा गृहपाठ. चाचणीच्या संचावर खोटी गर्दी सोडा आणि चालू असताना एक पॉड डिलीट करा. किती एरर आल्या ते मोजा. मग एक संपूर्ण संच बंद करून पुन्हा मोजा. आकडा शून्याजवळ येईपर्यंत सेटिंग सुधारत राहा. पुढच्या भागात हे आकडे डॅशबोर्डवर कसे बघायचे, ते पाहू.