अधिवृक्क न्यूनतेतील कॉर्टिसॉल-पूरण

अधिवृक्क ग्रंथींच्या बाह्यकाकडून (बाहेरील स्तराकडून) कॉर्टिसॉल या हॉर्मोनाची पुरेशी निर्मिती न होण्याच्या अवस्थेस अधिवृक्क न्यूनता म्हणतात. ही उणीव तेच किंवा तत्सम हॉर्मोन बाहेरून नियमितपणे देऊन भरून काढणे म्हणजे कॉर्टिसॉल-पूरण होय. मूळ ग्रंथीच नष्ट झालेली असल्यास न्यूनता प्राथमिक (ॲडिसन रोग) आणि तिला चेतना देणाऱ्या पोष ग्रंथीत किंवा अधोथॅलॅमसात बिघाड असल्यास ती द्वितीयक समजतात. दमा, संधिवात इ. विकारांवर दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे एकाएकी बंद केल्यासही हीच अवस्था उद्‌भवते, कारण त्या काळात निष्क्रिय झालेल्या ग्रंथी लगेच कामास लागत नाहीत.

लंडन येथील गाईज हॉस्पिटलमधील वैद्य टॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या काळी ग्रंथींचा क्षयरोग हे त्याचे प्रमुख कारण असे. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात मिठाचा भरपूर पुरवठा आणि नंतर डेसॉक्सिकॉर्टिकोस्टेरोन हे लवण टिकवून धरणारे हॉर्मोन यांचा उपयोग होऊ लागला. त्यामुळे रोग्यांचे आयुष्य वाढले खरे, पण साध्या तापाने किंवा उपवासानेही ते दगावत. केवळ लवणाचा समतोल राखणे पुरेसे नाही, हे त्यावरून उघड झाले. एडवर्ड केंडल, टाडेउश राइखश्टाइन व फिलिप हेंच यांना अधिवृक्क बाह्यकातील हॉर्मोनांवरील संशोधनाबद्दल १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास कॉर्टिसोन व पुढे हायड्रोकॉर्टिसोन (म्हणजे प्रत्यक्ष कॉर्टिसॉलच) उपलब्ध झाले आणि एकेकाळी निश्चित मारक ठरणारा हा रोग आटोक्यात आला.

चिकित्सेपूर्वी रोगी थकलेला, कृश व अन्नद्वेष असलेला असतो. उभे राहताच त्याचा रक्तदाब उतरतो. प्राथमिक प्रकारात त्याला मीठ खाण्याची तीव्र इच्छा होते व त्वचा काळवंडते. मुळातच सावळ्या वर्णाच्या रोग्यात हा काळसरपणा सहज ध्यानात येत नाही. अशा वेळी हिरड्या, तळहातावरील रेषा व जुने व्रण पाहावे लागतात. कधीकधी जुने छायाचित्र हाच उत्तम पुरावा ठरतो.

कॉर्टिसॉलचा पहिला परिणाम रक्ताभिसरणावर दिसतो. रक्तवाहिन्यांच्या भित्तींना ॲड्रेनॅलीन व नॉरॲड्रेनॅलीन यांना प्रतिसाद देता यावा, यासाठी कॉर्टिसॉल आवश्यक असते. ते नसल्यास ही द्रव्ये रक्तात असूनही वाहिन्या शिथिलच राहतात. म्हणून आणीबाणीच्या प्रसंगी हायड्रोकॉर्टिसोनाचे १०० मिग्रॅ. अंतःक्षेपण (इंजेक्शन) व शिरेतून लवणद्राव दिल्यावर, मरणोन्मुख दिसणाऱ्या रोग्याचा रक्तदाब काही तासांत सावरतो. यकृतातील ग्लुकोजनिर्मिती पुन्हा वाढल्याने रक्तशर्करा टिकून राहते. मळमळ व ओकारी थांबतात. गोळ्यांनी चिकित्सा सुरू केलेल्या रोग्यास बहुधा एकदोन दिवसांतच भूक लागू लागते. काहींना अनपेक्षित उत्साह वाटतो व झोप कमी होते, परंतु मात्रा नेहमीच्या पातळीवर आल्यावर हे लक्षण ओसरते.

वरवर न दिसणारा, पण सर्वांत जपून हाताळावा लागणारा बदल पाण्याच्या उत्सर्गात होतो. कॉर्टिसॉलच्या अभावी मूत्रलतारोधक हॉर्मोनाचा स्राव वाजवीपेक्षा जास्त राहतो, शरीरात पाणी साठते व रक्तातील सोडियम विरळ होते. पूरण सुरू होताच हा अडसर दूर होऊन भरपूर मूत्र होते व सोडियमाचे प्रमाण चढू लागते. फार दिवस कमी राहिलेले सोडियम वेगाने चढल्यास मस्तिष्कातील तंत्रिका-तंतूंच्या आवरणास कायमची इजा होऊ शकते. यासाठी वारंवार रक्ततपासणी करून २४ तासांतील वाढ लिटरमागे सु. ८ ते १० मिलिमोलांच्या आत ठेवतात. पोष ग्रंथीच्या रोगात, तोवर झाकलेला उदकमेह (अतिमूत्रतेचा विकार) याच वेळी उघडकीस येतो.

अवटू ग्रंथीचे हॉर्मोनही कमी असल्यास क्रम महत्त्वाचा असतो. थायरॉक्सिनामुळे कॉर्टिसॉलचा नाश जलद होतो, म्हणून ते आधी दिल्यास रोगी अत्यवस्थ होण्याचा धोका असतो. कॉर्टिसॉल नेहमी प्रथम देतात.

वजन व स्नायूंचे बळ काही आठवड्यांत परत येते. मात्र झपाट्याने वाढणारे वजन हे सुधारणेचेच लक्षण असते असे नाही; सूज किंवा अतिमात्रा हेही त्याचे कारण असू शकते. त्वचेचा काळेपणा सर्वांत शेवटी, महिनोन्‌महिने घेत कमी होतो. पोष ग्रंथीतील बाह्यक-उद्दीपक हॉर्मोन जास्त झाल्याने रंगद्रव्य वाढलेले असते आणि त्या हॉर्मोनाचे प्रमाण प्राथमिक प्रकारात पूरणानंतरही पूर्णपणे प्राकृत होत नाही. आरंभीची मोठी मात्रा उतरवताना अंगदुखी व मरगळ जाणवते. नवी मात्रा पुरेशी असूनही असे होऊ शकते, त्यामुळे तेवढ्यावरून मात्रा पुन्हा वाढविणे योग्य नव्हे.

निरोगी शरीरात कॉर्टिसॉल पहाटे वाढते, उठण्याच्या सुमारास शिखरास पोहोचते व मध्यरात्री नीचतम असते. रक्तातील त्याचे अर्धायुष्य सु. दीड तासाचे असल्याने एकच गोळी दिवसभर पुरत नाही. प्रौढांस हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला १५ ते २५ मिग्रॅ., दोन किंवा तीन भागांत देतात. सर्वांत मोठा भाग सकाळी उठताच व शेवटचा दुपारनंतर देतात; रात्री उशिरा घेतल्यास झोप बिघडते. निसर्गाची ही लय गोळ्यांनी हुबेहूब साधत नाही. रक्ततपासण्या ठीक असूनही काही रोग्यांचा थकवा पुरता जात नाही, त्याचे हे एक कारण असावे. प्राथमिक प्रकारात लवणधारणेसाठी फ्लुड्रोकॉर्टिसोन निराळे द्यावे लागते.

ताप, अपघात वा शस्त्रक्रिया यांच्या वेळी निरोगी ग्रंथी आपला स्राव अनेक पटींनी वाढवतात. पूरणावरील रोग्याच्या बाबतीत हे काम त्याला स्वतःलाच करावे लागते. तापात मात्रा दुप्पट किंवा तिप्पट करणे, वांती होऊन गोळी पोटात टिकत नसल्यास अंतःक्षेपण घेणे आणि रोगाची नोंद असलेले पत्रक जवळ बाळगणे हे नियम रोग्याप्रमाणेच त्याच्या घरच्यांनाही ठाऊक असावे लागतात. बरे वाटते म्हणून गोळ्या सोडून दिल्याने रोगी दगावतात.

भारतात अधिवृक्क ग्रंथींचा क्षयरोग अद्यापि आढळतो आणि तेथे एक विशेष अडचण येते. क्षयरोगावरील रिफॅम्पिसीन या औषधाने यकृतातील एंझाइमे चेतवली जाऊन कॉर्टिसॉलचा विनाश लवकर होतो. परिणामी, एरवी पुरेशी असलेली मात्रा अपुरी पडते. म्हणून ते सुरू करताना हायड्रोकॉर्टिसोनाची मात्रा वाढवावी लागते व ते थांबविल्यावर काही आठवड्यांत पूर्ववत आणावी लागते.