दिसायला सारखे, जात मात्र निराळी

मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी आता कुणाला सांगायला नको. २०१८ साली ती कर्नाटकात सापडली तेव्हा ही आपली जुनीच अळी की परदेशी पाहुणी, हे ठरवणे भाग होते. डोक्यावरची इंग्रजी उलट्या वाय अक्षरासारखी रेघ आणि शेपटीकडचे चौकोनात बसलेले चार ठिपके यांवरून तज्ज्ञांनी ती ओळखली. मग जनुके तपासून खात्री करून घेतली. समुद्राच्या तळाशी, चार-पाच हजार मीटर खोल काळोखात राहणाऱ्या बारीक जिवांची ओळखही याच दोन वाटांनी पटवतात.

या जिवांना अँफिपॉड म्हणतात. कोळंबी-खेकड्याच्या गोतातले. अंग दोन्ही कुशींनी दाबल्यासारखे चपटे, पाठ वाकलेली, आणि काही पाय पुढे वळलेले तर काही मागे. बहुतेक बोटाच्या पेऱ्याहून लहान; पुष्कळसे तर तांदळाच्या दाण्याएवढेच. मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत सांभाळते आणि पिल्ले बाहेर पडतात ती आईबापाच्याच रूपाची. कोळंबीची पिल्ले पाण्याबरोबर दूर वाहत जातात, तसे यांचे नाही. पोरे आईच्या अंगणातच वाढतात. म्हणून एका भागातले बिऱ्हाड दुसऱ्या भागात सहसा जात नाही आणि लाखो वर्षांत जागोजाग वेगळ्या जाती तयार होतात.

यांना पकडायला सापळ्यात मासा बांधून तो दोराने किंवा वजनाने तळाशी सोडतात. वास लागला की मेलेले खाणारे जीव आपण होऊन येतात. चिखलात राहणाऱ्यांसाठी तळाचा गाळच उचलून बारीक चाळणीने धुतात. त्यानंतर खरे काम सुरू होते. सूक्ष्मदर्शकाखाली, सुईच्या टोकाने, जबड्याचे एकेक अंग आणि एकेक पाय सुटा करायचा, काचेवर मांडायचा आणि त्याचे चित्र काढायचे. कुठल्या सांध्यावर किती केस, नखी सरळ की बाकदार, हे सारे टिपायचे. डोळे आणि मान दुखवणारे काम आहे. वीणकाम करणाऱ्या आयाबायांना त्याची कल्पना येईल.

नुसत्या डोळ्यांवर विसंबले तर मात्र फसगत होते. मोर आणि लांडोर कधीच पाहिले नसतील, तर कोण म्हणेल की हे एकाच जातीचे? अँफिपॉडांतही नर-मादी, लहान-मोठे यांत फरक असतात. उलट, हुबेहूब सारखे दिसणारे दोन जीव निराळ्या जातींचे निघतात. इथे जनुके कामी येतात. पायाचा तुकडा घेऊन एका ठरावीक जनुकातली साडेसहाशेच्या आसपास अक्षरे वाचतात. अक्षरे चारच, पण त्यांचा क्रम जातीगणिक बदलतो.

युरिथेनिस ग्रिलस नावाच्या अँफिपॉडाचे उदाहरण बोलके आहे. १८२२ साली त्याला नाव मिळाले आणि जगभरच्या खोल समुद्रात ही एकच जात पसरली आहे, असे पुढे मानले गेले. २०१३ साली जनुके पडताळून पाहिली तेव्हा त्या एका नावाखाली अनेक जाती नांदत असल्याचे दिसले. मग पुन्हा शरीर पाहिल्यावर आधी नजरेतून सुटलेले बारीक फरकही सापडले. संग्रहालयातल्या जुन्या बाटल्यांतले नमुने फॉर्मलिनमध्ये ठेवल्याने त्यांची जनुके बहुधा बिघडलेली असतात. तिथे शरीराच्या खुणांवाचून गत्यंतर नाही.

याच कुळातली एक नवी जात पश्चिम पॅसिफिकमधल्या मारियाना गर्तेत सहा हजार मीटरहून खोल पाण्यात मिळाली. इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तपासताना एकाच्या आतड्यात प्लॅस्टिकचा बारीक धागा सापडला. बाटल्या आणि कपडे ज्यापासून करतात, त्या जातीचे प्लॅस्टिक! म्हणून तिचे नाव ठेवले युरिथेनिस प्लॅस्टिकस. माणसाने जिला कधी पाहिलेच नव्हते, तिच्या पोटात माणसाचा कचरा आधी जाऊन बसला होता.

ही घाई कशासाठी, असे कुणी विचारील. हवाई आणि मेक्सिको यांच्यामधल्या समुद्रतळावर बटाट्याएवढे काळे गोळे पसरलेले आहेत. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट असते. दहा लाख वर्षांत ते काही मिलिमीटरच वाढतात. ते उपसण्याचा अनेक देशांचा मनसुबा आहे. हिंदी महासागरातही असे गोळे आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९८१ साली ‘गवेषणी’ नौकेवरून ते वर काढले आणि २००२ साली भारताने तेथील शोधाचा आंतरराष्ट्रीय करार केला. पॅसिफिकमधल्या त्या पट्ट्यात पाच हजारांहून अधिक प्राणिजाती असाव्यात आणि त्यांतल्या सुमारे नव्वद टक्के बिननावाच्या आहेत, असा २०२३ सालचा अंदाज. यंत्र तळावरून फिरले आणि गाळ उडाला, तर कोण गेले हे सांगणार कसे? सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसाची जमीन गेली तरी दप्तरी नोंद होत नाही, तशातली गत.

म्हणून नाव देताना एक नमुना निवडून बाटलीत घालतात आणि संग्रहालयात कायमचा जपतात. पुढे कुणाला शंका आली, की त्याच बाटलीजवळ जाऊन आपला जीव ताडून पाहायचा.