प्रणयकथा आणि वाचकाचें मत

वाचनालयांत पुस्तक परत करण्यासाठीं आलेल्या वाचकास ग्रंथपाल सहज विचारतो, "कादंबरी कशी वाटली?" उत्तर बहुधा ठरलेलें असतें : "बरी आहे." कादंबरी प्रणयप्रधान असली तर हें उत्तर अधिकच तुटक होतें, आणि पुस्तक वर्तमानपत्रांत गुंडाळून आणलेलें असतें. हाच गृहस्थ गोंदियाच्या बाजारांत तांदूळ घेतांना मात्र इतका मितभाषी नसतो. दाणा दांताखालीं धरून तो नवा कीं जुना हें तो सांगतो, त्यांत कणी किती आहे तें पाहतो आणि भाव पटला नाहीं तर दुकानदारास तसें तोंडावर सुनावतो. तांदळाविषयीं इतकें निश्चित मत असलेला मनुष्य तीनशें पानांच्या पुस्तकाविषयीं मुका कां होतो, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

त्याचें एक कारण उघड आहे. मत देणें हें टीकाकारांचें काम, आपण केवळ वेळ घालविण्यासाठीं वाचतों, अशी त्याची समजूत असते. दुसरें कारण तो सहसा बोलून दाखवीत नाहीं. प्रेमाची गोष्ट आवडली असें म्हटल्यास लोक आपणांस उथळ समजतील, आणि आवडली नाहीं असें म्हटल्यास रुक्ष समजतील, ही भीति त्याच्या मनांत असते. म्हणून तो "बरी आहे" या दोन शब्दांच्या आडोशास उभा राहतो. परंतु त्याच घरांतील मुलगा आणि मुलगी तेंच पुस्तक उशाशीं घेऊन वाचीत असतात, आणि स्वतःच्या मनांतील खळबळीस नांव देण्यासाठीं त्यांतूनच शब्द उचलीत असतात. ते शब्द खोटे असले तर त्याची किंमत पुढें संसारांत मोजावी लागते. वाचकाचें मत ही म्हणूनच केवळ हौसेची बाब राहत नाहीं.

मराठी कादंबरीच्या बाल्यापासूनच हा प्रश्न तिच्या पाठीशीं आहे. १८५७ सालीं बाबा पदमनजी यांनीं 'यमुनापर्यटन' लिहिलें, त्याचा विषय हिंदु विधवांची दुःस्थिति. १८६८ सालीं नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' आली, तिचा विषय अद्भुतरम्य प्रणय. एका वाटेनें गेलें तर समाजाचें दुःख भेटतें आणि दुसऱ्या वाटेनें गेलें तर स्वप्न भेटतें, अशी विभागणी त्या काळींच पडली. पुढें १८९० पासून 'करमणूक' पत्रांतून हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' क्रमशः येऊं लागली. यमूची ती कहाणी वाचल्यावर सामान्य घरांतील नवराबायकोचें प्रेमहि कादंबरीचा विषय होऊं शकतें आणि त्या प्रेमाच्या वाटेंत सबंध समाज उभा असतो, हें वाचकास प्रथमच इतकें स्पष्ट दिसलें.

गोंदियाहून निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस एका अहोरात्राहून अधिक प्रवास करून कोल्हापुरास पोहोंचते. ज्या दोन कादंबरीकारांनीं मराठी वाचकाच्या प्रेमविषयक कल्पना घडविल्या, ते दोघेहि एके काळीं याच कोल्हापुरांत राहत होते. ना. सी. फडके तेथें राजाराम कॉलेजांत प्राध्यापक होते, आणि वि. स. खांडेकर शिरोड्याची शाळा सोडून १९३८ सालीं तेथें आले. फडक्यांनीं १९३१ सालीं 'प्रतिभासाधन' लिहून कथालेखनाचें तंत्र समजावून दिलें, आणि कलेचें काम आनंद देण्याचें आहे हा पक्ष आग्रहानें मांडला. खांडेकरांचा आग्रह असा कीं, कला जीवनासाठीं आहे. १९३० नंतरच्या दशकांत या वादानें मासिकांचीं पानेंच्या पानें भरलीं.

सामान्य वाचकानें मात्र दोघांचींहि पुस्तकें आवडीनें वाचलीं, आणि मनांतल्या मनांत दोघांविषयींहि एकेक तक्रार ठेवली. फडक्यांच्या कादंबरींत सारें कसें रेखीव आणि प्रसन्न! नायक देखणा, नायिका सुशिक्षित, संभाषण चुरचुरीत. परंतु दोघांच्या मध्यें येणारी अडचण पुष्कळदां एखाद्या गैरसमजाएवढीच असते, आणि शेवटच्या प्रकरणांत ती धुक्यासारखी विरून जाते. वाचकाचा वेळ सुखांत जातो, पण पुस्तक मिटल्यावर हातांत फारसें उरत नाहीं. खांडेकरांच्या कादंबरींत याच्या उलट प्रकार. तेथें प्रेमाच्या आड ध्येय येतें, दारिद्र्य येतें, देश येतो. पण प्रेमिक इतक्या सुभाषितांत बोलतात कीं, हीं माणसें एकमेकांशीं बोलत आहेत कीं सभेपुढें, असा संशय यावा. पुढें १९५९ सालीं त्यांनीं 'ययाति' लिहिली, तेव्हां महाभारतांतील कथेच्या आधारानें वासना आणि प्रेम यांतील अंतर त्यांनीं अधिक खोल जाऊन दाखविलें. १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांस मिळाला. तो मिळविणारे ते पहिले मराठी लेखक.

कोल्हापुरापेक्षां गोंदियास जवळ असलेल्या नागपुरांत ग. त्र्यं. माडखोलकर होते. १९३३ सालच्या 'मुक्तात्मा' या कादंबरींत त्यांनीं प्रणयाची सांगड राजकारणाशीं घातली. त्याच वर्षीं विभावरी शिरूरकर या टोपणनांवानें 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह निघाला आणि मोठी खळबळ उडाली. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, पण लग्न लांबलेल्या मुलींच्या मनांतील गोष्टी त्यांत कोणत्याहि संकोचावांचून सांगितल्या होत्या. लेखिकेस आपलें खरें नांव कांहीं काळ गुप्त ठेवावें लागलें, यावरूनच तें पुस्तक किती वर्मीं लागलें होतें हें कळतें. त्या लेखिका म्हणजे पुढें मालतीबाई बेडेकर या नांवानें प्रसिद्ध झालेल्या बाई. तोंवर प्रणयकथेंत स्त्रीवर बहुधा प्रेम केलें जात असे. स्वतः प्रेम करणाऱ्या आणि त्याचे परिणाम सोसणाऱ्या स्त्रीचा आवाज या पुस्तकांतून ऐकूं आला.

मालतीबाईंचे पति विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' ही कादंबरी १९३९ सालची. पुस्तक अगदीं लहान. युरोपांतून हिंदुस्थानाकडे येणारी एक आगबोट, तीवर जर्मनींतून हांकलून दिलेले ज्यू निर्वासित, आणि त्यांतील हॅर्टा ही तरुणी. चक्रधर हा मराठी तरुण तिच्या प्रेमांत पडतो. मुंबई आली कीं तो उतरणार. तिला उतरण्याची परवानगी नाहीं. बोट पुढें जाते, आणि हॅर्टाचा शेवट समुद्रांत होतो. येथें प्रेमाच्या आड येणारी गोष्ट गैरसमज नव्हे, खलपुरुष नव्हे, वडिलांचा रागहि नव्हे. तो सबंध जगाचा द्वेष आहे, आणि त्यापुढें नायकाचें दुबळेपण आहे. हें पुस्तक मिटल्यावर "बरी आहे" असें म्हणून कोणासहि सुटतां येत नाहीं.

या तुलनेंतूनच वाचकास एक साधी कसोटी सांपडते. पुस्तकाच्या पाठीवर छापलेली किंमत वेगळी. प्रणयकथेची खरी किंमत आंतील माणसांस प्रेमापायीं काय मोजावें लागलें यावरून ठरते. कांहींच मोजावें लागलें नसेल तर ती करमणूक आहे. करमणुकीस दोष नाहीं, पण तिला जीवनदर्शन म्हणूं नये. उगीच अश्रू ढाळावयास लावणारें मरण म्हणजेहि किंमत नव्हे. किंमत म्हणजे पात्रानें जाणूनबुजून सोडलेलें कांहीं तरी : घर, मान, समजूत किंवा स्वतःविषयींचा अभिमान.

ही कसोटी लावण्यास गोंदिया जिल्ह्यांतील वाचक कोणाहून कमी पात्र नाहीं. १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा तळ्यांचा, धानाचा आणि जंगलाचा. मराठी ललित वाङ्मयांत त्याचा प्रवेश झाला तो मुख्यतः रानाच्या वाटेनें. व्यंकटेश माडगूळकरांनीं नागझिऱ्याच्या अरण्यावर पुस्तक लिहिलें. मारुती चितमपल्ली यांनीं वनाधिकारी या नात्यानें नवेगावबांधच्या परिसरांत वर्षें घालवून तेथील पक्षी, पाणी आणि माणसें शब्दांत आणलीं. परंतु येथील घराघरांत मराठीबरोबर हिंदी, पोवारी आणि गोंडीहि कानांवर पडते, आणि गाजलेल्या प्रणयकादंबऱ्यांतील प्रियकर मात्र एकजात पुण्यामुंबईच्या भाषेंत मनोगत सांगतो. येथील तरुण तसें बोलूं लागला तर ऐकणारीस हसूं आवरणार नाहीं. पुस्तकांतील जग आणि आपलें जग यांत पडलेलें हें अंतर वाचकास पुष्कळदां स्वतःचा कमीपणा वाटतो. वस्तुतः तो त्याचा लाभ आहे. दूर उभा असलेला मनुष्य रंगविलेला पडदा आणि खरा डोंगर यांतील भेद लवकर ओळखतो.

या प्रदेशांतील नाटकाचा प्रेक्षक या बाबतींत वाचकाचा गुरु शोभेल. दिवाळी होऊन धान कापणीस आला कीं गांवोगांव मंडई भरते आणि झाडीपट्टीच्या रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. गडचिरोली जिल्ह्यांतील वडसा हें तिचें मुख्य केंद्र. तेथील मंडळ्या पूर्व विदर्भाच्या चारी जिल्ह्यांत रात्र रात्र चालणारीं नाटकें करतात. त्या नाटकांत प्रेम असतें, संसार असतो, रडणें असतें आणि गाणींहि असतात. थंडींत कांबळें पांघरून बसलेला प्रेक्षक पहांटेपर्यंत हालत नाहीं, आणि प्रसंग खोटा वाटला तर आपली नापसंती लपवीत नाहीं. त्यास कोणी टीकाशास्त्र शिकविलेलें नाहीं. कोणत्या घरांत कोणत्या कारणानें भांडण होतें, पळून गेलेल्या मुलीच्या आईस बाजारांत काय ऐकावें लागतें, हें त्यास ठाऊक असतें, आणि तेवढी शिदोरी त्यास पुरते.

येथें नीतीचा प्रश्न येतो. घरांतील वडील मंडळी प्रणयकादंबरी न वाचतांच ती मुलींच्या हातून काढून घेतात, हा अनुभव जुना आहे. चंद्रकांत काकोडकर हे एके काळचे अतिशय लोकप्रिय कादंबरीकार. त्यांच्या 'निलांबरी'वरून १९६९ सालीं 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट निघाला. त्यांची 'श्यामा' ही कथा १९६२ सालीं 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकांत आली आणि तिजवर अश्लीलतेचा खटला झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि १९६९ सालीं त्या न्यायालयानें ती कथा अश्लील नाहीं असा निर्णय दिला. न्यायमूर्तींनीं कथा समग्र वाचली, समाजाचीं मापें बदलत असतात हें ध्यानांत घेतलें, आणि केवळ स्त्रीपुरुषसंबंधाचा उल्लेख आला एवढ्यानें लिखाण अश्लील ठरत नाहीं असें मानलें. आधीं सबंध वाचावें आणि मग बोलावें, हा धडा घरांतील वडिलांनींहि त्यांतून घेण्यासारखा आहे. मात्र कथा अश्लील नाहीं याचा अर्थ ती चांगली आहे असा होत नाहीं. न्यायालयानें दोषमुक्त केलेल्या पुस्तकाविषयींहि वाचकाचा निकाल शिल्लकच राहतो.

अलीकडच्या कादंबऱ्यांस हीच कसोटी लावून पाहावी. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' १९८२ सालची. पुण्यांतील कॉलेजच्या कट्ट्यावरची ही कथा तरुणांच्या पिढ्यांनीं हातोहात वाचली, आणि २०१३ सालीं तिजवर चित्रपटहि निघाला. तींत भावनेचा पूर थोडा अधिक आहे, परंतु मैत्री आणि प्रेम यांपायीं गमावलेल्या वर्षांची जाणीव तिच्या तळाशीं आहे, आणि म्हणूनच ती टिकली. मिलिंद बोकील यांची 'शाळा' २००४ सालची. आणीबाणीच्या काळांतील नववींतला मुलगा एका मुलीवर जीव लावतो, एवढीच गोष्ट. ना मोठें वचन, ना मोठी शपथ. शेवटीं ती गांव सोडून जाते आणि त्याचें बालपण संपतें. बालपण ही केवढी मोठी किंमत आहे हें लेखक कोठेंहि बोलून दाखवीत नाहीं, आणि म्हणून तें वाचकास कळतें. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ सालची. घरीं भाड्यानें राहावयास आलेल्या एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघांचेंहि प्रेम बसतें, आणि प्रथम भाऊ व मग बहीण आपापली हकीकत सांगतात. कित्येक वाचक विषय ऐकूनच पुस्तक बाजूस ठेवतील. परंतु ज्यानें तें संपविलें, त्यास दोन मुलें एकाच छपराखालीं असून एकमेकांपासून किती एकटीं असूं शकतात हें दिसल्यावांचून राहणार नाहीं. आईबापांनीं हें पुस्तक वाचावयास हवें तें याचसाठीं.

तेव्हां वाचकानें पुस्तक परत करण्यापूर्वीं स्वतःस तीन प्रश्न विचारावे. या माणसांस प्रेमापायीं काय द्यावें लागलें? तीं कोठें राहतात, काय कमावतात आणि त्यांचा स्वयंपाक कोण करतें, हें लेखकास ठाऊक आहे काय? आणि शेवट कळल्यानंतरहि हें पुस्तक पुन्हां उघडावेंसें वाटेल काय? या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें देण्यास पदवी लागत नाहीं, परिभाषा लागत नाहीं. तांदळाचा दाणा पारखणारी दृष्टि पुरे आहे.

पुढल्या खेपेस ग्रंथपालानें विचारलें असतां त्या गृहस्थानें खिडकीशीं पांच मिनिटें थांबावें आणि काय आवडलें, काय खोटें वाटलें, तें सरळ सांगावें. मागें उभा असलेला एखादा मुलगा किंवा मुलगी तें ऐकत असेल, आणि प्रेमासारख्या गोष्टीविषयीं वडील माणसांपुढें बोलतां येतें, हें त्यांस तेथें प्रथमच कळेल.