अर्धी पपई आणि उघडे तोंड

रोजा म्हणजे पोटाचा उपवास, असाच बहुतेकांचा समज असतो. पण रोजा डोळ्यांचा, कानांचा आणि जिभेचाही असतो. पाठीमागे कुणाची निंदा केली, म्हणजे ‘गीबत’ केली, तर दिवसभराच्या उपाशी राहण्याचे मोल जाते, अशी शिकवण आहे. म्हणून या महिन्यात गप्प राहण्याला किंमत आहे. मात्र प्रत्येक गप्प राहणे सारखे नसते. एक मौन माणूस आपणहून पाळतो, दुसरे त्याच्यावर भीतीने लादलेले असते. मुंबईच्या चित्रकार रुमाना हुसेन यांनी हे दुसरे मौन लोकांसमोर आणले.

१९५२ साली जन्मलेल्या रुमाना आधी कॅनव्हासवर रंगवत. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेली. मुंबईत दंगली उसळल्या आणि त्यांच्या कुटुंबाला काही काळ राहते घर सोडावे लागले. त्यानंतर त्यांची कला बदलली. मातीची मडकी, आरसे, गेरू आणि नीळ ही त्यांची सामग्री झाली. फुटलेली मडकी त्या तशीच मांडू लागल्या. पेणच्या गणपती कारखान्यांत हात मळलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. शाडूची कच्ची मूर्ती पाण्यात विरघळून पुन्हा माती होते. भाजलेले मडके एकदा फुटले की त्याची खापरेच उरतात.

१९९५ मध्ये नरिमन पॉइंटच्या एनसीपीएच्या आवारात त्यांनी ‘लिव्हिंग ऑन द मार्जिन्स’ हा प्रयोग केला. पायांत घुंगरू, हातात अर्धी चिरलेली पपई आणि तोंड सताड उघडे. त्या चालत राहिल्या, पण त्या उघड्या तोंडातून आवाज आला नाही. त्या पपईत कुणाला बाईचे शरीर दिसेल, कुणाला घुमट. किंकाळी मात्र सर्वांनाच दिसली. ऐकू कुणालाच आली नाही.

पुढे त्यांना कर्करोगाने गाठले. १९९८ च्या ‘इज इट व्हॉट यू थिंक?’ या प्रयोगात त्यांनी मुसलमान बाईविषयीचे प्रश्न एकामागून एक वाचून दाखवले. उत्तर एकाचेही दिले नाही. १९९९ च्या ‘अ स्पेस फॉर हीलिंग’ या मांडणीत इस्पितळ आणि दर्गा एकाच खोलीत आले. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

हे सारे मोठ्या शहरातल्या दालनांचे, असे म्हणून बाजूला सारता येत नाही. नागोठण्यात अंबा नदीवर जुना दगडी पूल आहे. तो १५८० च्या सुमारास चौलच्या काजी अलाउद्दीन यांनी बांधला, अशी नोंद कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. पुलावरून जाणाऱ्याला कुणी नाव विचारत नाही. खोली भाड्याने मागणाऱ्याला मात्र आधी नावच विचारले जाते, आणि नाव ऐकल्यावर समोरचा गप्प होतो. ते मौन रोज्याचे नव्हे.

रमजानमध्ये शेजाऱ्यांना इफ्तारीला बोलावण्याची रीत गावोगावी आहे. खजुरासोबत ताटात पपईच्या फोडीही असतात. ‘या, बसा, घ्या’ होते आणि मंडळी उठतात. मनातला प्रश्न विचारायचा राहून जातो. जिभेचा रोजा वाईट बोलण्यापुरता आहे. शेजाऱ्याला त्याचे सुखदुःख विचारायला त्याची आडकाठी नाही.