केवलादेवच्या म्हशी आणि गवत
राजस्थानातील भरतपूरजवळचे केवलादेव हे पावसाळ्यात भरणारे व उन्हाळ्यात आटणारे पाणथळ क्षेत्र. पक्ष्यांच्या रक्षणासाठी नोव्हेंबर १९८२ मध्ये तेथे चराईबंदी झाली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला; त्यात काहींचे प्राण गेले.

म्हशी गेल्या आणि पास्पॅलम डिस्टिकम हे मूळचे अमेरिकेतील गवत माजले. त्याच्या पेरापेराला मुळे फुटतात, पाण्यावर दाट गालिचा पसरतो आणि बदकांना पोहायला मोकळे पाणी उरत नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या तज्ज्ञांचा बंदीला पाठिंबा होता. तिच्याच १९८० ते १९९० च्या अभ्यासातून निष्कर्ष निघाला, की हे गवत म्हशीच आटोक्यात ठेवीत होत्या! म्हशी राखणाऱ्यांना आधी विचारले असते तर? पुढे त्याच गावकऱ्यांना विळ्याने गवत कापून नेण्याची मुभा देण्यात आली.